टाकलेलं परत निघतंय का?

बाबा माझ्या लॅबमध्ये पहिल्यांदा आले तेव्हा देवळात शिरावं तशा त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या. मी धावत जाऊन त्या परत घालायला लावल्या. फरशीवर कुठे आम्लाचा थेंब सांडलेला असेल ते सांगता येत नाही. मग ते स्टुलावर बसले, दोन्ही हात मांडीवर घट्ट ठेवून, कशाला धक्का लागू नये म्हणून. मी त्यांच्यासमोर बीकर ठेवला. त्यात मेथिलीन ब्लूचं पाणी, शाईसारखं निळं. चमच्याच्या टोकावर मावेल एवढी काळी पूड त्यात टाकली, दहा मिनिटं ढवळली आणि जुन्या हार्ड डिस्कमधून काढलेला चुंबक बीकरला बाहेरून टेकवला. पाण्यातलं सगळं काळं हळूहळू त्या बाजूला सरकलं आणि काचेला चिकटून बसलं. मागे उरलेलं पाणी नळाच्या पाण्यासारखं स्वच्छ.

बाबांनी चुंबक माझ्या हातातून घेतला आणि बाजूला केला. बीकर जरा हलवला तर काळा थर सैल होऊन पुन्हा पाण्यात पसरला. परत लावला, परत गोळा. असं त्यांनी चार-पाच वेळा केलं. मग विचारलं, "ह्यो निळा कुठल्या कापडाला लावत्यात?"

आपल्याकडच्या सुती कापडाला कुणी लावत नाही, मी म्हटलं. हा तपासणीचा रंग आहे.

"मग आपल्या पाण्यावर बघितलंस का?"

नव्हतं बघितलं. अडीच वर्षं मी मॅग्नेटाइट आणि ग्राफीन ऑक्साइडचं हे मिश्रण बनवत होते, म्हणजे शास्त्राच्या भाषेत नॅनोकंपोझिट. मेथिलीन ब्लू डिस्टिल्ड वॉटरमध्ये घालायचं, पूड टाकायची, पाण्यात रंग किती उरला ते प्रकाशावरून मोजणाऱ्या यूव्ही यंत्रावर, ६६४ नॅनोमीटर तरंगलांबीला रीडिंग घ्यायचं, आलेख काढायचा. आलेख सुंदर यायचे. बाबांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि तो प्रश्न बाबांनीच विचारणं साहजिक होतं.

माझं गाव इचलकरंजी. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग बसवला आणि पुढे गावाला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणायला लागले. बाबांनी ३१ वर्षं मागावर काढली, शेवटची १८ जॉबर म्हणून. माग बिघडला, धोटा उडायला लागला, की बाबांना हाक. आमच्या घरात दिवसरात्र मागांचा आवाज असायचा. वीज गेली आणि शांतता झाली की लहान मुलं दचकून जागी व्हायची. गावात विणलेल्या कापडाला पुढे रंग द्यायचा, ब्लीच करायचं, तर पाणी लागतं, आणि वापरलेलं पाणी कुठेतरी जातंच. लहानपणी ओढ्याकडे बघून आज कुठली शेड चालू आहे ते आम्ही सांगायचो. लाल, निळा, कधी सगळं मिसळून काळपट. तो ओढा पुढे पंचगंगेला आणि पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते. दर उन्हाळ्यात नदीवर जलपर्णी दाटते आणि मेलेल्या माशांचे फोटो वर्तमानपत्रात येतात. म्हणून मी रसायनशास्त्र घेतलं, असं सांगितलं तर ते अर्धं खरं असेल. पण पीएच.डी.चा विषय निवडताना मनात तो ओढा होता, हे मात्र पूर्ण खरं आहे.

आता ही काळी पूड म्हणजे नेमकं काय, ते सांगते.

तिच्यातला एक भाग आपल्या ओळखीचा आहे. शिसपेन्सिलीत शिसं नसतंच, ग्रॅफाइट असतं. कार्बनचे थरावर थर. त्यातला एकच थर सुटा केला तर तो ग्राफीन. २००४ मध्ये आंद्रे गाइम आणि कॉन्स्टँटिन नोव्होसेलॉव्ह यांनी चिकटपट्टीने ग्रॅफाइट सोलत सोलत तो वेगळा केला, २०१० मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. हे काम झालं ते खुद्द इंग्लंडातल्या मँचेस्टरमध्ये. ते वाचलं तेव्हा माझ्या अंगावर शहारा आला होता. एक ग्रॅम ग्राफीन पूर्ण सुटं करता आलं, तर त्याचं पृष्ठफळ हिशेबाने २६३० चौरस मीटर भरतं, म्हणजे निम्म्या एकराहून जास्त. एवढ्या जागेवर किती रंग बसेल, हा विचारच मोह पाडणारा आहे. याच थरांना ऑक्सिजन जोडला की ते ग्राफीन ऑक्साइड, माझ्या पुडीत असतं ते.

दुसरा भाग लोखंडाचा. आपण लहानपणी फुटक्या स्पीकरमधला चुंबक दोरीला बांधून मातीतून फिरवायचो, त्याला काळा कीस चिकटायचा, आठवतं का? तो कारखान्यातला चुरा असेल असं आम्हाला वाटायचं. त्यातला पुष्कळसा मॅग्नेटाइट असतो, म्हणजे चुंबकाला चिकटणारं लोखंडाचं ऑक्साइड. सह्याद्रीच्या बेसाल्टमध्ये टायटॅनियम मिसळलेला मॅग्नेटाइट आहे, खडक झिजला की तो नदीच्या वाळूत येतो. लॅबमध्ये मी तोच मॅग्नेटाइट रसायनांतून बनवते, फक्त कण फार लहान, दहा-पंधरा नॅनोमीटरचे. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.

कण एवढे लहान कशासाठी, हे कळलं की बाबांनी चार-पाच वेळा करून बघितलेली गोष्ट उलगडते. मॅग्नेटाइटचा मोठा तुकडा एकदा चुंबक झाला की चुंबकत्व धरून ठेवतो. तसेच कण आपण वापरले असते, तर चुंबक काढल्यावरही ते एकमेकांना धरून बसले असते, गोळ्या झाल्या असत्या आणि पुन्हा पाण्यात पसरले नसते. पण साधारण वीस नॅनोमीटरच्या खाली कण गेला की खोलीतल्या साध्या उष्णतेनेच त्याच्या चुंबकत्वाची दिशा सतत उलटसुलट होत राहते. बाहेरचा चुंबक जवळ असेतो सगळे कण एका दिशेने उभे, तो बाजूला झाला की सगळं विसरून मोकळे. याला सुपरपॅरामॅग्नेटिझम म्हणतात. नाव अवघड आहे, पण हाताला ते बीकरमध्ये लगेच कळतं.

मग दोन्ही एकत्र का? माझी आई घरी पापड करून देते. लाटलेले ओले पापड एकावर एक ठेवले तर चिकटून एकच लगदा होतो, म्हणून ती मध्ये मध्ये पिठी भुरभुरते. ग्राफीनचे थर तसेच आहेत. पाण्यातून काढून वाळवले की परत एकमेकांना चिकटतात आणि ते निम्म्या एकराचं पृष्ठफळ हातचं जातं. मॅग्नेटाइटचे कण मध्ये बसले की थर सुटे राहतात. उलट बाजूने, कणही थरावर जागोजागी अडकून बसल्यामुळे एकमेकांत गोळा होत नाहीत. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, नुसतं ग्राफीन ऑक्साइड पाण्यात टाकलं तर ते गाळून काढणं जवळपास अशक्य आहे. फिल्टर पेपर तुंबतो, गरगर फिरवून साका खाली बसवणारं सेंट्रिफ्यूज तासन् तास फिरवावं लागतं. लोखंडाचे कण असले की चुंबक पुरतो.

बनवणं मात्र सोपं नाही, आणि त्याबद्दल कुणी मनापासून लिहीत नाही. ग्राफीन ऑक्साइडची पहिली कृती ब्रॉडी या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाची, १८५९ सालची. आपण सगळे वापरतो ती हमर्स आणि ऑफमन यांची, १९५८ ची. एक ग्रॅम ग्रॅफाइटला सुमारे २३ मिलिलिटर तीव्र सल्फ्युरिक आम्ल, अर्धा ग्रॅम सोडियम नायट्रेट आणि तीन ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट. परमँगनेट चिमूट चिमूट घालायचं, बर्फात भांडं ठेवून, तापमान वीसच्या वर जाऊ द्यायचं नाही. त्या आम्लात परमँगनेटपासून मँगनीज हेप्टॉक्साइड तयार होतं, हिरवं आणि तेलकट. पंचावन्न अंशांच्या आसपास त्याचा स्फोट होऊ शकतो. म्हणून बर्फ संपत आला की काम तिथेच थांबवायचं. २०१० मध्ये अमेरिकेतल्या राइस विद्यापीठातल्या जेम्स टूर यांच्या गटाने नायट्रेट काढून टाकून फॉस्फरिक आम्ल वापरायची पद्धत दिली. विषारी धूर निघत नाही म्हणून मी आता तीच करते, पण तिला आम्ल आणखी जास्त लागतं.

या सगळ्यात एक क्षण मला अजूनही सुखावतो. शेवटी हायड्रोजन पेरॉक्साइड घातलं की तपकिरी, मळकट राबडी फसफसत क्षणात पिवळीधमक होते, ताज्या हळदीसारखी. जमलं, हे त्या रंगावरून कळतं. त्यानंतरचे तीन-चार दिवस नुसती धुलाई. आधी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने, मग पाण्याने. जसजसं आम्ल निघून जातं तसतसं ते फुगतं, साबुदाण्याच्या खिरीसारखं लिबलिबीत होतं आणि सेंट्रिफ्यूजमध्येही खाली बसायला तयार होत नाही. त्या दिवसांत सिंकच्या खाली ठेवलेला कॅन बघून मला वाईट वाटायचं. दोन ग्रॅम ग्राफीन ऑक्साइडसाठी मी कितीतरी लिटर आम्लाचं, मँगनीज मिसळलेलं पाणी तयार केलेलं असायचं. पाणी साफ करायचं सामान बनवताना आधी पाणी खराब होतं. ते चुन्याने उदासीन करून, साका बसवूनच आम्ही पुढे देतो, पण हिशेबात ते धरलंच पाहिजे, आणि बहुतेक लेखांत ते धरलेलं नसतं.

लोखंडाची बाजू त्यामानाने गरीब. फेरिक क्लोराइड ५.४ ग्रॅम, फेरस सल्फेट २.७८ ग्रॅम, म्हणजे रेणूंच्या संख्येने फेरिक दोनास फेरस एक. फेरिक आणि फेरस ही लोखंडाचीच दोन रूपं. फेरस सल्फेट म्हणजे आपला हिराकस, जुने रंगारी हिरड्याबरोबर काळा रंग काढायला वापरायचे तोच. ते पाण्यात विरघळवायचं, त्यात ग्राफीन ऑक्साइड घालायचं, गरम करून अमोनिया सोडायचा. अमोनियाचा पहिला थेंब पडला की तिथे काळा ढग उठतो. थोड्या वेळात सगळं भांडं काळं. या मापाला जास्तीत जास्त २.३ ग्रॅम मॅग्नेटाइट मिळतो. ही पद्धत नीट बसवून दिली ती रने मासार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने, १९८१ मध्ये.

माझे पहिले तीन घाणे काळे न होता विटकरी आले. चुंबक लावला तर ढिम्म हलेनात. मी अमोनिया बदलला, तापमान बदललं, वेळ बदलली, दीड महिना गेला. शेवटी एका शनिवारी दुपारी हिराकसाची बाटली खिडकीशी धरून बघितली. ताजा हिराकस फिकट हिरवा असतो, समुद्राच्या उथळ पाण्यासारखा. माझ्या बाटलीत खड्यांवर पिवळट तपकिरी साय धरली होती. बाटली जुनी, झाकण सैल, आतलं फेरस हवा लागून फेरिक होऊन बसलेलं. दोनास एकचं प्रमाण कागदावर बरोबर आणि भांड्यात चूक. तेव्हापासून मी हिराकस आधी डोळ्यांनी बघते आणि मग तोलते, आणि पाण्यात आधी अर्धा तास नायट्रोजन सोडते.

नवीन मुलांसाठी आणखी एक सांगून ठेवते. हे मिश्रण मॅग्नेटिक स्टररवर ढवळू नका. ढवळणारी गोळी स्वतःच चुंबक असते, अर्ध्या तासात तुमची सगळी पूड तिच्यावर जाड केसाळ थर होऊन बसते आणि ती खरवडून काढताना वजनाचा मेळ जातो. वरून फिरणारी दांडी वापरा.

तर बाबांचा प्रश्न. त्यानंतरच्या रविवारी मी घरी गेले तर ओट्याखाली पाच लिटरचा तेलाचा कॅन, स्वच्छ धुतलेला, आत काळपट निळं पाणी. बाबांच्या ओळखीचा एकजण एका प्रोसेसमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, डाइंगच्या मशीनवर होता, त्याच्याकडून काळ्या शेडचं पहिलं सोडणीचं पाणी मागून आणलं होतं. "जपून ने, एसटीत सांडशील," एवढंच म्हणाले.

सोमवारी मी त्यात पूड टाकली. दहा मिनिटं, वीस, एक तास. चुंबक लावला. पूड निमूट काचेला येऊन चिकटली. पाणी जसं होतं तसं, काळपट निळं. पूड परत आली आणि रंग जागच्या जागी राहिला.

मी बराच वेळ ते बघत उभी होते. मग बसून विचार केला तेव्हा लक्षात आलं की हे असंच व्हायला हवं होतं, आणि माझ्याच नोंदवहीत ते लिहिलेलं होतं. मेथिलीन ब्लूचा रेणू धनभारित असतो. ग्राफीन ऑक्साइडच्या कडांना कार्बॉक्सिल गट असतात, पाण्यात ते ऋणभारित होतात. ऋणाला धन, ते एकमेकांना ओढून घेतात. शिवाय मेथिलीन ब्लूच्या चपट्या कड्या ग्राफीनच्या चपट्या थरावर ताटावर ताट ठेवावं तशा बसतात. आमच्या पुडीला तो रंग इतका मानवतो की त्यावर ती कमाल करणारच. सुती कापडाला मात्र रिअ‍ॅक्टिव्ह रंग लावतात. त्यांच्यात सल्फोनेट गट असतात, म्हणजे ते स्वतः ऋणभारित. सुताशी बंध जुळावा म्हणून त्या पाण्यात सोडा घालतात, सामू अकराच्या आसपास जातो, आणि लिटरला ४० ते ८० ग्रॅम मीठ किंवा ग्लॉबर सॉल्ट. एवढं करूनही रंगाचा बराचसा भाग कापडावर न बसता पाण्याबरोबर जातो. त्या अल्कधर्मी पाण्यात ग्राफीन ऑक्साइड ऋण, मॅग्नेटाइटचा पृष्ठभागही ऋण, रंगही ऋण. कोण कुणाजवळ जाणार?

आमच्या क्षेत्राबद्दल माझी एक तक्रार आहे आणि ती मी आधी माझ्याविरुद्धच मांडते. डिस्टिल्ड वॉटरमधल्या मेथिलीन ब्लूवर काम करून शेवटच्या परिच्छेदात 'वस्त्रोद्योगाच्या सांडपाण्यासाठी उपयुक्त' असं लिहायची सवय आपल्याला लागली आहे. मीही तसं लिहिलं होतं. वस्त्रोद्योगाचं सांडपाणी माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर होतं, आणि ते माझ्या बीकरपर्यंत आणायला बाबांना तेलाचा कॅन धुवावा लागला.

पुढचे पाच महिने त्या पाण्यावर गेले. सामू चारवर आणला तर मॅग्नेटाइटचा पृष्ठभाग धनभारित होतो, रंग बसायला लागतो. आणखी खाली नेलं तर आणखी बसतो. पण मग एका परीक्षानळीत गाळलेलं पाणी घेऊन त्यात पोटॅशियम थायोसायनेटचे दोन थेंब टाकले आणि पाणी रक्तासारखं लाल झालं. म्हणजे लोखंड विरघळून पाण्यात उतरायला लागलं होतं. त्या लाल रंगाची मला आता धास्ती आहे, दर प्रयोगानंतर मी तो बघतेच. मग पुडीला कायटोसॅनचा लेप दिला. हे कोळंबीच्या टरफलांपासून काढतात. त्याच्यावरचे अमिनो गट आम्लात धनभारित होतात, आणि रिअ‍ॅक्टिव्ह रंग त्यांना धरतात. हे मी शोधलेलं नाही, जगभर बऱ्याच जणांनी केलेलं आहे. मी ते त्या कॅनमधल्या पाण्यावर करून बघितलं, एवढंच.

आता ते पाणी फिकट निळं होतं. स्वच्छ होत नाही. मूळ पाणी दहापट पातळ करून घेतलं तर स्वच्छ होतं. आणि मीठ तर तसंच राहतं, कुठलीही पूड मीठ ओढून घेणार नाही. त्यासाठी आरओ किंवा बाष्पीभवनच लागतं. म्हणून मला कुणी विचारलं की पंचगंगा या पुडीने साफ होईल का, तर मी नाही म्हणते. रंगाच्या सगळ्या सांडपाण्यासाठी टनावारी ग्राफीन ऑक्साइड बनवणं मला आज परवडणारं दिसत नाही, पैशानेही आणि त्याच्या आम्लाच्या हिशेबानेही. साधा सक्रिय कार्बन तिथे स्वस्त पडतो.

मग ही पूड कुठे कामाची? जिथे पकडायची वस्तू अगदी थोडी आहे, पण सोडून चालत नाही, तिथे. आर्सेनिक घ्या. पश्चिम बंगालमध्ये, बांगलादेशात हातपंपाच्या पाण्यात तो येतो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम. आर्सेनिकला लोखंडाच्या ऑक्साइडचा मोठा ओढा आहे. २००६ मध्ये राइसमध्येच दाखवलं गेलं की बारा नॅनोमीटरचे मॅग्नेटाइटचे कण आर्सेनिक धरतात आणि हातात मावणाऱ्या चुंबकाने परत ओढता येतात. २०१० मध्ये दक्षिण कोरियातल्या पोहांगच्या संशोधकांनी मॅग्नेटाइट आणि क्षपित (बराचसा ऑक्सिजन परत काढून घेतलेल्या) ग्राफीन ऑक्साइडच्या मिश्रणाने आर्सेनिक लिटरला एक मायक्रोग्रॅमपर्यंत खाली आणलं. त्या लेखाची प्रत माझ्या टेबलावर कायम असते.

आणि दुसरी जागा तपासणीची. माझ्या मामाची तासगावला द्राक्षबाग आहे. माल युरोपला जायचा असेल तर आधी कीटकनाशकांचे अंश तपासावे लागतात, आणि ते अंश इतके कमी असतात की यंत्राला दिसण्याआधी गोळा करावे लागतात. पाण्याच्या शंभर मिलिलिटर नमुन्यात काही मिलिग्रॅम चुंबकीय ग्राफीन हलवायचं, चुंबकाने ओढायचं, मग एका मिलिलिटर अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये धरलेलं सगळं सोडवून घ्यायचं. शंभराचा अर्क एकात आला. पूड मिलिग्रॅममध्ये लागते, काम मोठं होतं. माझा प्रबंध आता या बाजूला वळतो आहे, आणि मला ते पटलेलं आहे.

बाकीचे उपयोग लोक आवर्जून विचारतात म्हणून सांगते. लिथियम बॅटरीत ग्रॅफाइटची ऋणाग्राची क्षमता ग्रॅमला ३७२ मिलिअ‍ॅम्पिअर-तास आहे, मॅग्नेटाइटची हिशेबाने ९२० च्या वर. पण लिथियम आत-बाहेर करताना मॅग्नेटाइट फुगतो, आकसतो आणि शेवटी भुगा होतो. ग्राफीनच्या थरांत गुंडाळला तर जास्त टिकतो. औषधात आयर्न ऑक्साइडचे कण पूर्वीपासून आहेत, फेरुमॉक्सिटॉल नावाचं इंजेक्शन अमेरिकेत २००९ पासून किडनीच्या रुग्णांच्या रक्तक्षयावर देतात. ग्राफीन जोडलेले कण मात्र अजून लॅबमध्येच आहेत, आणि शरीरात ग्राफीनचं पुढे काय होतं हे नीट कळेपर्यंत ते तिथेच असावेत असं मला मनापासून वाटतं.

दिवाळीला घरी गेले तेव्हा बाबांना सगळं सांगितलं. फिकट निळ्या पाण्याची बाटलीही नेली होती. त्यांनी ती उजेडात धरली, बराच वेळ बघितली. मग म्हणाले, "आणि ती पूड? टाकलेली सगळी परत निघती का?"

चुंबक सगळी ओढतो, मी म्हटलं.

"तोललीस?"

बाबा धाग्याच्या मोजणीतले. मागावर किती सूत चढलं, किती कापड उतरलं आणि वाया किती गेलं, याचा ताळा रोज लागायचा.

परत आल्यावर तोलली. १०० मिलिग्रॅम टाकायची, रंग धरला की चुंबकाने काढायची, सौम्य कॉस्टिकने धुऊन रंग सोडवायचा, परत वापरायची. असं पाच वेळा. मग साठ अंशांवर रात्रभर वाळवली. ९१ मिलिग्रॅम भरली. दुसऱ्यांदा केलं, ९२. आठ-नऊ मिलिग्रॅम प्रत्येक वेळी कुठेतरी जात होते. कॉस्टिकमध्ये कायटोसॅनचा लेप थोडा सुटत असेल असं वाटलं, पण कायटोसॅन अल्कलीत विरघळत नाही. ज्या ग्राफीनच्या थरावर कण कमी बसले असतील तो थर चुंबकाला दाद देणार नाही, ही दुसरी शक्यता. आणि ते थर नदीत गेले तर मासे त्यांचं काय करतील, हा प्रश्न रंगापेक्षा लहान नाही.

काल संध्याकाळी मी पाचही फेऱ्यांचं निथळून घेतलेलं पाणी एका मोठ्या बीकरमध्ये एकत्र केलं. बघायला नितळ होतं. दोन चुंबक पाठीला पाठ लावून काचेला चिकटपट्टीने बांधले, वरून घड्याळकाच, म्हणजे काचेची उथळ तबकडी, झाकली आणि लॅब बंद करून घरी आले. सकाळी लवकर गेले. चुंबकाच्या जागी, काचेच्या आतल्या बाजूला, पेन्सिलीने ओढावी तशी एक बारीक काळी रेघ आली होती. ती मी पिपेटने काढून घेतली, छोट्या काचपात्रात वाळत ठेवली आहे. उद्या तोलायची.